परदेशात घडणारी कादंबरी मुंबईत बसून लिहिताना: बोली, उच्चार आणि रोजचे जगणे

तिसरा_मजला :

नमस्कार. एका कादंबरीची जुळवाजुळव चालू आहे आणि एका अडचणीवर इथल्या लिहित्या-वाचत्या मंडळींचे मत हवे आहे. कथानायक गिरगावातल्या चाळीत वाढलेला, माझगाव गोदीत ड्राफ्ट्समन म्हणून लागलेला तरुण आहे. गोदीत ‘निलगिरी’ या युद्धनौकेचे काम व्हिकर्स आणि यारो या ब्रिटिश कंपन्यांच्या सहकार्याने चालू असताना त्याला वर्षभरासाठी ग्लासगोला यारोच्या कारखान्यात पाठवले जाते, अशी कल्पना आहे. काळ नोव्हेंबर १९७० पासून पुढच्या हिवाळ्यापर्यंतचा. माणूस काल्पनिक, गोदी आणि शहर खरे.

मी दादरला राहते, स्कॉटलंड पाहिलेले नाही आणि नजीकच्या काळात जाणे शक्यही नाही. प्रश्न दोन आहेत. ग्लासगोच्या कामगाराचे इंग्रजी म्हणजे आपण रेडिओवर ऐकत आलो ते लंडनचे इंग्रजी नव्हे. नायकाला ते सुरुवातीला अजिबात कळत नाही आणि कथेचा बराच भाग या न कळण्यावरच उभा आहे. त्या कामगाराचे संवाद प्रमाण मराठीत लिहिले, तर तो सदाशिव पेठेतून थेट क्लाइड नदीवर आल्यासारखा वाटतो. मालवणीत लिहावेत, असे एका मैत्रिणीने सुचवले आहे. दुसरा प्रश्न रोजच्या जगण्याच्या तपशिलांचा. सुएझमार्गे बोटीचा प्रवास, घरमालकिणीकडची खोली, फेब्रुवारीत आईला लिहिलेले लांब पत्र आणि रविवारी संध्याकाळी पबमध्ये झालेली बाचाबाची, असे काही प्रसंग आराखड्यात आहेत. ते विश्वसनीय व्हावेत यासाठी काय वाचावे, काय ऐकावे आणि कोणाला विचारावे?

माझगाव_दहा :

विषय आवडला, कारण आमच्या घरातली दोन माणसे गोदीतूनच निवृत्त झाली. ‘निलगिरी’चे जलावतरण ऑक्टोबर १९६८ मध्ये झाले आणि ती नौदलात दाखल झाली जून १९७२ मध्ये. म्हणजे तुमचा नायक निघतो तेव्हा नौका पाण्यात उभी आहे, पण आतली जुळणी चालू आहे. त्याच वर्गाच्या पुढच्या नौकांसाठी आराखडे समजून घ्यायला ड्राफ्ट्समनला पाठवले, हे सहज पटते.

निवृत्त मंडळींना भेटा, पण विचारताना एक पथ्य पाळा. ‘तेव्हाचे विलायत कसे होते?’ असे विचारले की सगळे जण थंडी, शिस्त आणि स्वच्छता एवढेच सांगतात. इतक्या वर्षांत ते उत्तर घासूनपुसून गुळगुळीत झालेले असते. त्याऐवजी ओला कोट कुठे वाळत घालत होता, पगार रोख मिळे की बँकेत जमा होई, जेवणाच्या सुट्टीत कोणाच्या शेजारी बसत होता आणि कोणाच्या बसत नव्हता, असे विचारावे. माणूस क्षणभर थांबतो आणि मग जे सांगतो, ते कुठल्याही पुस्तकात मिळत नाही.

उगाच :

इतका खटाटोप कशाला? वाचणारे ठाण्या-डोंबिवलीचे. ग्लासगोचा माणूस मराठी कादंबरी वाचून चुका काढायला येणार आहे का?

प्रूफवाचक :

उगाच, ग्लासगोचा माणूस येणार नाही, पण डोंबिवलीचा येईल आणि त्याची मुलगी किंवा मेहुणा तिथे असेल. आज मराठी वाचकाच्या घरात परदेशात राहिलेले कोणीतरी असतेच. शिवाय चूक पकडली जाण्याची भीती हे अभ्यासाचे खरे कारण नाहीच. त्या वर्षाच्या अडचणी कळल्या की कथेला आपोआप वळणे मिळतात, हे खरे कारण. तुमच्या आराखड्यातल्याच गोष्टी घेतो.

सुएझ कालवा जून १९६७ च्या युद्धात बंद झाला, तो थेट जून १९७५ मध्ये उघडला. १९७० मध्ये मुंबईहून बोटीने इंग्लंडला जायचे तर आफ्रिकेला वळसा घालावा लागे. कंपनीच्या कामासाठी जाणारा माणूस विमानानेच जाईल आणि ते विमान एअर इंडियाचे बोइंग ७०७ असेल, कारण जंबो जेट त्यांच्याकडे १९७१ च्या वसंतात आले.

फेब्रुवारीतले पत्र तर अधिकच अवघड आहे. ब्रिटनच्या टपाल कर्मचाऱ्यांचा देशव्यापी संप २० जानेवारी १९७१ रोजी सुरू झाला आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालला. तुमच्या नायकाने पत्र लिहिले तरी ते जाणार नाही आणि गिरगावातून आईने पाठवलेलेही त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही. मी तुमच्या जागी असतो तर या संपावर एक अख्खे प्रकरण लिहिले असते.

संप चालू असतानाच, १५ फेब्रुवारी १९७१ रोजी, ब्रिटनने दशमान चलन स्वीकारले. त्याआधी पौंडाचे वीस शिलिंग आणि शिलिंगचे बारा पेन्स. आपल्याकडचे लेखक इथे नायकाला गोंधळात पाडतात. पण विचार करा, १ एप्रिल १९५७ रोजी आपण आणे सोडून नवे पैसे घेतले, तेव्हा हा मुलगा गिरगावातल्या वाण्याकडे सामान आणायला जात असणार. हा गोंधळ त्याने लहानपणीच पाहिलेला आहे. गोंधळेल ती घरमालकीण आणि तिला हिशेब समजावून सांगेल तो. परदेशी गेलेला आपला माणूस प्रत्येक ठिकाणी बावरलेलाच असतो, ही आपल्या लेखनातली एक फार जुनी खोड आहे.

क्लाइडकाठ :

मी नव्वदच्या दशकात काही वर्षे ग्लासगोच्या एका रुग्णालयात नोकरी केली. आता पार्ल्यात स्थायिक आहे. माझा काळ तुमच्या कथेच्या वीस वर्षे नंतरचा, त्यामुळे जे मी पाहिले आणि जे वयस्कर रुग्णांकडून ऐकले, ते वेगळे ठेवून सांगते.

पहिली सूचना म्हणजे गूगल स्ट्रीट व्ह्यूवर विसंबू नका. त्यात ग्लासगोच्या दगडी इमारती मधाळ किंवा लालसर दिसतात. १९७० मध्ये त्या काळ्या होत्या. शंभर वर्षांच्या कोळशाच्या धुराची काजळी वालुकाश्मावर बसलेली होती आणि ती घासून काढण्याचे काम पुढच्या दशकांत झाले. शिवाय ती गाडी दिवसाच फिरते. तुमच्या नायकाचा हिवाळा बहुतेक अंधारात जाणार आहे, त्यातही त्या विशिष्ट हिवाळ्याची गंमत वेगळी. १९६८ ते १९७१ या काळात ब्रिटनने प्रयोग म्हणून बारा महिने घड्याळ एक तास पुढे ठेवले होते. त्यामुळे डिसेंबरच्या अखेरीस ग्लासगोत उजाडायला पावणेदहा होत. मुंबईशी वेळेचा फरकही हिवाळा-उन्हाळा साडेचार तासांचाच राहिला.

दुसरी गोष्ट घरांची. जुन्या इमारतीत एक सामायिक जिना असतो, त्याला तिथे ‘क्लोस’ म्हणतात, आणि बऱ्याच ठिकाणी संडास जिन्याच्या मधल्या टप्प्यावर, दोन-तीन बिऱ्हाडांत मिळून एक. विलायतेला जाऊन हे, असे वाटून सुखवस्तू घरातला नायक हादरला असता. चाळीतून आलेल्या मुलाला त्यात नवल वाटणार नाही. त्याला खटकेल ते हे की दारे लावलेली असतात. जिना झाडण्या-धुण्याची पाळी कोणाची यावरून होणारे वाद मात्र त्याला घरच्यासारखे वाटतील.

रविवारच्या पबमधली बाचाबाची होऊ शकत नाही. स्कॉटलंडमध्ये पब रविवारी उघडू लागले ते १९७६ च्या कायद्यानंतर. त्याआधी रविवारी दारू मिळे ती हॉटेलात. पब बंदही रात्री दहाला होत. भांडण शुक्रवारी घडवा. पगाराचा दिवस असल्याने ते अधिक शोभेल.

शिडाची_होडी :

ताई, मालवणीबद्दल लिहायलाच हवे, कारण ती माझी घरची बोली आहे. परका कामगार दाखवायचा म्हणून त्याच्या तोंडी मालवणी घातली की मुंबईतला वाचक हसायला सुरुवात करतो. नाटकांनी त्याला तशी सवय लावली आहे. तुमच्या कामगाराच्या भावाचा गोदीत मृत्यू झाला आणि तो मालवणीत रडू लागला, तर वाचक पुढच्या विनोदाची वाट पाहत बसेल. आमची बोली म्हणजे कोणाचाही अडाणीपणा दाखवण्यासाठी भाड्याने मिळणारा पोशाख नव्हे.

रेघोट्या :

शिडाची_होडी यांची चीड समजते, पण बोलीसाठी बोली वापरणे मुळातच चूक आहे, असे मला वाटत नाही. पु. ल. देशपांडे यांनी शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून ‘ती फुलराणी’ केले, तेव्हा लंडनच्या फुलवालीची बोली त्यांनी इथल्या रस्त्यावरच्या मराठीत उतरवली. त्या नाटकात मंजुळा विनोदी आहे आणि तिचा अपमान खराखुरा लागतोही. शॉने स्वतः मूळ नाटकात काय केले तेही पाहण्यासारखे आहे. सुरुवातीचे काही संवाद त्याने उच्चाराबरहुकूम स्पेलिंगमध्ये लिहिले आणि मग कंसात माफी मागून तो नाद सोडून दिला, कारण लंडनबाहेर ते कोणालाच समजले नसते. उच्चारशास्त्रावर नाटक लिहिणाऱ्याने हात टेकले, तिथे आपण देवनागरीत ग्लासगोचे इंग्रजी ओळीच्या ओळी लिहू नये, हे उघड आहे.

प्रूफवाचक :

रेघोट्या, उदाहरण उत्तम आहे, पण ते तुमच्याच विरुद्ध जाते. फुलराणीत केवळ भाषा बदललेली नाही. माणसे, शहर आणि जातिवर्गाचे सगळे गणितच मुंबईत आणलेले आहे, म्हणून तिथली बोली तिथल्या मातीतली वाटते. इथे मात्र नायक मराठी आहे आणि तो मराठी म्हणूनच परक्या शहरात उभा आहे. ग्लासगोचा वेल्डर मालवणी बोलू लागला, तर नायकाला तो परका वाटण्याऐवजी गाववाला वाटेल. लेखिकेला हवे आहे ते न कळणे आणि मालवणी तर गिरगावातल्या पोराला उत्तम कळते.

शिडाची_होडी :

हे मी म्हणायला हवे होते. मान्य.

उगाच :

मग वेल्डरला अहिराणी द्या. गिरगावात कोणाला कळणार नाही.

काजळमाया_नाही :

विनोद सोडला तर प्रूफवाचक यांच्या मुद्द्यात एक व्यवहार्य उत्तर दडलेले आहे. संवाद कसे बोलले गेले यापेक्षा ते नायकाला कसे ऐकू आले, हे लिहावे. त्यासाठी लेखिकेने ते आधी स्वतः ऐकायला हवे आणि ते आज घरबसल्या शक्य आहे. इंटरनॅशनल डायलेक्ट्स ऑफ इंग्लिश अर्काइव्ह हा संग्रह नाटकातल्या नटांसाठी पॉल मायर यांनी १९९८ मध्ये सुरू केला. त्यात स्कॉटलंडचे अनेक आवाज आहेत. जॉर्ज मेसन विद्यापीठाचा स्पीच अ‍ॅक्सेंट अर्काइव्हही विनामूल्य आहे आणि तिथे जगभरची माणसे इंग्रजीतला एकच छोटा उतारा वाचतात, त्यामुळे मराठी माणसाचा उच्चार आणि ग्लासगोकराचा उच्चार शेजारी ठेवून ऐकता येतो.

मात्र ऐकताना बोलणाऱ्याचे जन्मवर्ष पाहा. आजचा वीस वर्षांचा ग्लासगोकर तुमच्या उपयोगाचा नाही. १९२० ते १९५० च्या दरम्यान जन्मलेला, त्याच शहरात वाढलेला आवाज हवा. आणि वर्गही पाहा. रोनाल्ड मॅकॉले या भाषाशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये, म्हणजे तुमच्या कथेनंतर लगेचच, ग्लासगोतल्या वेगवेगळ्या थरांतल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या. शब्दातला ट गिळून घशातच थांबण्याची लकब सामाजिक वर्गानुसार कमीजास्त होते, हे त्यातून दिसले. तुमचा नायक ड्राफ्ट्समन आहे. ड्रॉइंग ऑफिसातल्या सहकाऱ्यांचे बोलणे त्याला पहिल्या महिन्यात समजू लागेल. खाली जहाजावर काम करणाऱ्यांचे समजायला उन्हाळा उजाडेल. एकाच कारखान्यात दोन मजल्यांवर दोन इंग्रजी भाषा, हे तुम्हाला कथेत वापरता येईल.

क्लाइडकाठ :

काजळमाया_नाही यांच्याशी सहमत. त्यात माझी भर. मराठी कानाला स्कॉटिश र मुळीच जड जात नाही, उलट सोपा जातो, कारण शब्दाच्या शेवटचा र लंडनकर सोडून देतात आणि स्कॉटिश लोक आपल्यासारखाच उच्चारतात. अडचण येते ती गिळलेल्या ट-ची, ‘हाउस’चे ‘हूस’ होण्याची आणि वेगाची.

चित्रपट पाहून स्कॉटिश शब्द गोळा करणारे लेखक सर्रास ‘केन’ आणि ‘बेर्न’ पेरतात. ‘ठाऊक असणे’ या अर्थी ‘केन’ आणि मुलांसाठी ‘बेर्न’ हे मुख्यतः पूर्वेकडचे. ग्लासगोत मुलांना ‘वेन’ म्हणतात. किराणा आणायला जाणे म्हणजे ‘मेसेजेस’ आणायला जाणे आणि कुठल्याही रंगाच्या सरबती सोड्याला ‘जिंजर’. असे चार-पाच शब्द कादंबरीभर पुरतात.

आणि नायकाचा स्वतःचा उच्चार विसरू नका. त्या पिढीतल्या मराठी शाळांत काही वर्षे इंग्रजी आठवीपासून शिकवत. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ त्याच्या तोंडी एकच असणार. ग्लासगोकरांनाही तो कळत नसणार, फक्त ते सौजन्याने मान डोलावत असणार.

पाणचक्की :

थोडे वेगळे मत मांडते. या चर्चेत इतके तपशील जमले आहेत की ते सगळे कादंबरीत आले तर ती सरकारी गॅझेटियरसारखी होईल. परदेशावर लिहिणाऱ्या मराठी लेखकाला प्रत्येक रस्त्याचे नाव लिहिण्याचा मोह होतो, जणू न गेल्याचा दंड भरतो आहे. गिरगावावर लिहिताना आपण ठाकूरद्वारचा सिग्नल कोणत्या बाजूला आहे हे सांगत नाही. जो माणूस एखाद्या ठिकाणी राहतो, त्याला त्या ठिकाणचे फार थोडे दिसते.

प्रूफवाचक :

पाणचक्की, राहणाऱ्याला थोडे दिसते, पण नव्याने आलेल्याला फार दिसते आणि हा नायक नवा आहे. तपशील वर्षभरात हळूहळू कमी करत नेले तर तुमचे आणि माझे दोघांचेही म्हणणे राहील. मात्र काही घटना अशा असतात की त्यांचा उल्लेखच न होणे खोटे वाटते. २ जानेवारी १९७१ रोजी आयब्रॉक्स मैदानावर रेंजर्स आणि सेल्टिक या फुटबॉल संघांचा सामना संपताना जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन ६६ माणसे मेली. त्यानंतरच्या सोमवारी ग्लासगोतल्या कुठल्याही कारखान्यात दुसरा विषय निघाला असेल, हे मी मानणार नाही. तसेच ३० जुलैचे. अपर क्लाइड शिपबिल्डर्स दिवाळखोरीत निघाल्यावर कामगारांनी संप न करता गोद्या स्वतःच चालू ठेवल्या, ते आंदोलन त्या दिवशी सुरू झाले. मुंबईतल्या संपांत वाढलेला माणूस कामगार काम थांबवत नाहीत हे पाहून काय म्हणेल, याचे मला कुतूहल आहे.

तिसरा_मजला :

सर्वांचे मनापासून आभार. नायक आता विमानाने जाईल आणि मालवणीचा विचार सोडला आहे. आयब्रॉक्सची घटना मला माहीत होती, पण ती सोमवारच्या ड्रॉइंग ऑफिसातून पाहावी हे सुचले नव्हते. एक शंका आहे. खोली शोधण्याचा प्रसंग लिहायचा आहे. ‘गोऱ्यांखेरीज इतरांना जागा नाही’ अशी पाटी दारावर दाखवावी का?

काजळमाया_नाही :

१९७० मध्ये नको. वंशभेदाविरुद्धच्या १९६८ च्या कायद्याने घर नाकारणे बेकायदा ठरवले होते. त्यानंतर पाट्या उतरल्या, नकार राहिला. दार उघडते, बाई चेहरा पाहते आणि खोली आत्ताच गेली म्हणते. हा प्रसंग पाटीपेक्षा जास्त बोचेल, कारण मुंबईत आडनाव विचारून घर नाकारलेले वाचक तो लगेच ओळखतील.

खोल्यांच्या छोट्या जाहिराती वाचायच्या असतील तर ‘ग्लासगो हेराल्ड’चे जुने अंक गूगलच्या वृत्तपत्र संग्रहात पानेच्या पाने पाहता येतात. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर जुने नकाशे आणि जुने माहितीपट आहेत. माहितीपट आवाज बंद करून एकदा पाहा. कोणी टोपी घातली आहे, कोण कुठे थांबतो आणि पाऊस पडत असताना कोण छत्री उघडत नाही, हे तेव्हाच नीट दिसते.

क्लाइडकाठ :

एक प्रसंग माझ्याकडून घ्या. स्कॉटलंडमध्ये नाताळापेक्षा नववर्ष मोठे. नाताळची सार्वजनिक सुट्टीच तिथे १९५८ पासून सुरू झाली. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर घरात पहिले पाऊल टाकणारा माणूस उंच आणि काळ्या केसांचा असावा, त्याने कोळशाचा तुकडा आणावा, म्हणजे वर्ष शुभ जाते अशी समजूत आहे. तुमच्या नायकाला नोव्हेंबरात खोली नाकारली गेली असेल, तर त्याच गल्लीतली माणसे त्या रात्री त्याला ओढून ओढून घराघरांत नेतील.

उगाच :

म्हणजे आमच्या पोराला सत्यनारायणाच्या ब्राह्मणासारखी मागणी. हा प्रसंग वाचायला मी पुस्तक विकत घेईन.

तिसरा_मजला :

आपल्या चर्चेवरून एक तुकडा लिहून पाहिला आहे. टपालाचा संप चालू आहे.

‘“... मेसेजेस,” एवढाच शब्द त्याच्या कानाला लागला. त्याच्या आधी एक लांब ओळ होती. तिच्यात र होते, खूप र होते, आणि जिथे ट असायला हवा तिथे नुसता थांबा होता. घरमालकिणीने डोक्याला रुमाल बांधला, पिशवी घेतली आणि ती जिना उतरली. संप मिटला असावा. दुपारपर्यंत तो दाराच्या आवाजाकडे कान लावून बसला. ती परत आली तेव्हा पिशवीत बटाटे, पाव आणि चहाचे पुडके होते. “लेटर?” त्याने विचारले. ती त्याच्याकडे पाहत राहिली, मग काहीतरी म्हणाली, त्यातले त्याला “सन” एवढे कळले. बाहेर ऊन नव्हते. ती त्याला बाळा म्हणाली होती, हे त्याला एप्रिलमध्ये समजले.’

शिडाची_होडी :

हे चांगले झाले आहे. कोणाचीही बोली उसनी घ्यावी लागली नाही.

पाणचक्की :

शेवटचे वाक्य ठेवा. त्याआधीचे ‘खूप र होते’ मात्र कमी करता येईल.

प्रूफवाचक :

‘खूप र होते’ राहू द्या. पण नायक दुपारपर्यंत घरी कसा? कामाचा दिवस असेल तर तो कारखान्यात हवा आणि रविवार असेल तर दुकाने बंद.

तिसरा_मजला :

शनिवार केला आहे.